ताण मोजणारे वस्त्र



मागावर बसणाऱ्यास ताणाचे महत्त्व निराळे शिकवावे लागत नाही. मोहाडी, आंधळगाव, पवनी येथील आपल्या घरांतून कोशाचा धागा किती ओढावा व कोठे थांबावे, हे बोटांनाच कळते. हाच ताण विजेच्या साह्याने मोजून मनुष्याच्या प्रकृतीचे मान कसे कळते, याविषयी आज आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

तार ओढली म्हणजे ती लांब व बारीक होते, आणि तीतून जाणाऱ्या विजेस होणारा रोध वाढतो. तारेवरील ताणाने रोध बदलतो, हे विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेले शास्त्रज्ञ, यांनी १८५६ साली प्रयोगाने दाखविले. १९३८ साली अमेरिकेत सिमन्स व रूज यांनी स्वतंत्रपणे अशी तार वस्तूस चिकटवून तिचा ताण मोजण्याची युक्ती काढली. परंतु धातूची तार थोडी अधिक ओढताच कायमची लांबते. गुडघा वाकताना कातडी तर कितीतरी ताणते. १९५३ साली व्हिटनी यांनी बारीक रबरी नळीत पारा भरून ती हातापायांभोवती गुंडाळली, आणि रक्त भरल्याने येणारा फुगवटा मोजला.

यापुढील गोष्ट आपल्या विशेष जिव्हाळ्याची आहे. २०१६ साली चीनमधील त्सिंगहुआ विद्यापीठातील संशोधकांनी रेशमी कापड प्राणवायू लागू न देता अतिशय तापविले. त्याचा कोळसा झाला, परंतु वीण कायम राहिली! ते काळे कापड त्यांनी रबरासारख्या लवचिक पदार्थात बसविले. ताणले की कोळशाचे तंतू दुरावून रोध वाढतो. सोडले की ते पुन्हा जुळतात. अशा पट्टीने मनगटावरील नाडी व छातीचा श्वास टिपता येतो.

अर्थात घाम, उष्णता व वारंवार पडणारा ताण यांमुळे अशा पट्टीचे आकडे ढळू शकतात. शिवाय पट्टी आकडा देते. निदान वैद्यानेच करावयाचे असते.

आपली मुले माग सोडून जात आहेत. मजुरीत पोट भरत नसता त्यांस दोष देणे न्याय्य नव्हे. मात्र माग सुटला तरी विणीचे ज्ञान वाया जाऊ नये. टसरचा धागा तुतीच्या रेशमाहून निराळा. तो या कामी कसा वागेल, हे तपासणारा विद्यार्थी आपल्याच घरचा का नसावा? मुंबई व इचलकरंजी येथे वस्त्रतंत्राचे उच्च शिक्षण मिळते. मंडळाने प्रतिवर्षी निदान एक शिष्यवृत्ती अशा मुलास वा मुलीस द्यावी, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.