नोंदवहीतील नावे आणि संगणकाची वर्णमाला

(ग्रामपंचायत कर्मचारी व शिक्षक यांच्या प्रशिक्षण वर्गातील भाषण)



गावाची नोंदवही आता संगणकाच्या माहितीकोशात, म्हणजे डेटाबेसमध्ये, ठेवली जाते. तेथे नागरिकाचे नाव शाबूत राहावे व हवे तेव्हा सापडावे, यासाठी दोन गोष्टी आरंभीच ठरवाव्या लागतात. कोणता वर्ण कोणत्या संकेताने साठवावयाचा, हे वर्णसंच ठरवितो. कोणता वर्ण आधी व कोणते दोन समान, हे क्रमनियम ठरवितो.

प्रथम वर्णसंच पाहू. ‘मायएसक्यूएल’ या प्रणालीत २०१८ च्या ८.० आवृत्तीपूर्वी ‘लॅटिन-१’ हा संच गृहीत धरलेला असे. त्यात देवनागरीला स्थानच नाही. अशा रकान्यात मराठी नाव भरल्यास प्रणाली ते नाकारते, किंवा अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे नोंदविते. त्या प्रश्नचिन्हांवरून मूळ नाव परत मिळत नाही. म्हणून ‘यूटीएफ८एमबी४’ हा संच निवडावा. देवनागरीच्या प्रत्येक वर्णास त्यात तीन बाइट लागतात. २०१४ साली युनिकोडमध्ये आलेल्या मोडी लिपीस चार लागतात. जुन्या तीन बाइटांच्या ‘यूटीएफ८’ संचात ती मावत नाही.

आता क्रमाचा विचार करू. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, आणि ‘क्ष’ व ‘ज्ञ’ शेवटी. युनिकोडच्या अंकक्रमात मात्र ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ आहे आणि ‘क्ष’ हा ‘क’खाली मोडतो. केवळ अंकक्रमाने लावलेल्या यादीत ‘क्षीरसागर’ हे नाव ‘कुलकर्णी’ व ‘खरे’ यांच्यामध्ये येते. यादीचे शेवटचे पान पाहणारा नाव नाही असे समजून परत जातो. ‘कऱ्हाडे’ या नावातील ‘ऱ’ एका संकेताने किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. केवळ अंकांची तुलना करणारा नियम त्यांना भिन्न मानतो, आणि एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी होऊ शकतात.

यास्तव माहितीकोश, तक्ता, रकाना आणि जोडणी या चारही ठिकाणी वर्णसंच एकच असल्याची खात्री करावी. माहितीकोशाची मूळ निवड बदलली तरी जुने तक्ते आपोआप बदलत नाहीत. ते स्वतंत्रपणे, आधी प्रत काढून ठेवूनच, बदलावेत. काम सुरू करण्यापूर्वी ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ व ‘ऱ’ असलेली दहा नावे भरून, क्रम लावून व शोधून पाहावीत. या अर्ध्या तासाच्या तपासणीवर एखाद्या लाभार्थ्याचे नाव यादीत सापडणे अवलंबून असते.