साखर, हिरड्या आणि गुडाखूची डबी

मी रायपूरहून बोलते आहे, ब्राह्मणपाऱ्यातून. आधीच सांगून टाकते, हा 'पारा' थर्मामीटरमधला नव्हे. छत्तीसगडीत पारा म्हणजे आळी, मोहल्ला. ब्राह्मणपारा, तात्यापारा, कंकालीपारा, बूढापारा अशा जुन्या रायपूरच्या या वस्त्या. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इकडे आला तेव्हापासून मराठी घरं इथे नांदत आली आहेत. आमची मराठी जरा हिंदीकडे कलते, तेवढं सांभाळून घ्या.

मी डॉक्टर नाही. शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवलं आणि गेली सोळा वर्षं मला मधुमेह आहे. गणितवालीच्या सवयीनं वही ठेवते. उपाशीपोटी किती, जेवणानंतर दोन तासांनी किती, तीन महिन्यांची साखर किती, म्हणजे ते एचबीए१सी. आजचं बोलणं त्या वहीतलंच आहे, पण साखरेपेक्षा दातांबद्दल जास्त आहे. डायबेटिसवाल्या माणसाला सगळे विचारतात, डोळे तपासले का, पायांना मुंग्या येतात का, किडनीची तपासणी झाली का. तोंड उघडा, हिरड्या बघू, असं कुणी म्हणत नाही. आणि आपणही दात दुखेपर्यंत दातांच्या डॉक्टरची पायरी चढत नाही.

२०२३ साली आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह, आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर. या सगळ्यांना तोंड आहे, हे आपण विसरतो.

हिरड्यांचं आणि साखरेचं नातं काय, ते मला समजलं तसं सांगते. जेवल्यावर दातांवर एक चिकट थर बसतो. त्यात जंतू असतात. तो रोज निघाला नाही तर कडक होतो, त्याला आपण कीटण म्हणतो. कीटण हिरडीच्या कडेखाली उतरलं की हिरडी सुजते, दातापासून सुटते, मध्ये खिसा तयार होतो. खिशात आणखी घाण, आणखी सूज, आणि हळूहळू दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं. हे कुणालाही होऊ शकतं. पण साखर चढलेली असली की जंतूंशी लढायची शरीराची ताकद कमी पडते, जखम लवकर भरत नाही, लाळेतही साखर वाढते आणि तोंड कोरडं पडतं. जंतूंना आणखी काय हवं!

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू फार कमी लोकांना ठाऊक असते. हिरड्यांची जुनी सूज उलट साखर वाढवते. सूज तोंडातच राहत नाही, तिचे परिणाम रक्तावाटे सगळ्या शरीरात जातात आणि इन्सुलिनचं काम अडतं. हॅराल्ड लोए नावाच्या दंतशास्त्रज्ञानं १९९३ सालीच हिरड्यांच्या या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं होतं. पुढे बऱ्याच अभ्यासांची एकत्र छाननी झाली. हिरड्यांचे उपचार नीट केले तर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.४ च्या आसपास उतरतं, असं त्यात दिसलं. ०.४ ऐकायला चिल्लर वाटतं. पण माझी वही सांगते, तेवढ्यासाठी मी कितीदा भात सोडला आणि किती किलोमीटर चालले!

आता माझ्या मोठ्या जाऊबाईंची गोष्ट. त्यांना विचारूनच सांगते आहे. "सांग, पण नाव घेऊ नकोस," असं त्यांनी बजावलंय. जाऊबाई ७१ वर्षांच्या. माहेर धमतरीकडचं. बालपणापासून त्यांना गुडाखूची सवय. महाराष्ट्रातल्या बायकांना मिश्री म्हटलं की कळेल. तंबाखू भाजून, कुटून दातांना लावतात ती मिश्री. आमच्या छत्तीसगडात तिचीच बहीण म्हणजे गुडाखू: तंबाखू आणि गुळाची राब घालून केलेला काळपट लगदा, छोट्या डबीत मिळतो. बोटावर घ्यायचा आणि हिरड्यांवर घासत बसायचं. तलावाच्या घाटावर, अंगणात, ओट्यावर बायका बोलता बोलता घासतात. कुणाला ते व्यसन वाटतच नाही, दात घासणंच वाटतं. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत छत्तीसगडातले ३९ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. १९९२ साली केंद्र सरकारनं टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरायला बंदी केली. गुडाखू मात्र तंबाखू म्हणूनच विकली जाते आणि दंतमंजन म्हणून वापरली जाते. आहे की नाही गंमत?

जाऊबाईंचं म्हणणं, गुडाखूशिवाय पोट साफ होत नाही. हे त्यांचं एकटीचं म्हणणं नाही, पाऱ्यातल्या निम्म्या बायका हेच सांगतील. त्यात खोटं काही नाही, निकोटीननं आतड्याला चालना मिळते. पण तेच निकोटीन इन्सुलिनच्या कामात खोडा घालतं. शिवाय ते रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे हिरड्या आतून सडत असल्या तरी त्यातून रक्त येत नाही. जाऊबाई अभिमानानं म्हणायच्या, "तुझ्या हिरड्यांतून रक्त येतं, माझ्या बघ कशा घट्ट!" घट्ट कसल्या, तंबाखूनं तक्रारीचा आवाज बंद केला होता.

दोन वर्षांपूर्वी त्यांची तीन महिन्यांची साखर ९.२ आली. गोळ्या वाढवल्या, पुढच्या खेपेला ९.१. डॉक्टर म्हणाले, आता इन्सुलिन सुरू करू. जाऊबाई घाबरल्या. त्यांच्या मनात इन्सुलिन म्हणजे शेवट. तो शेवट नाही, हे मी त्यांना अजून समजावते आहे. त्याच सुमारास खालचा एक दात हलायला लागला आणि गालाला सूज आली. मी त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी बारीक सळईसारख्या हत्यारानं प्रत्येक दाताभोवतीचा खिसा मोजला. तीन मिलिमीटरपर्यंत चालतं. जाऊबाईंच्या काही दातांना सहा आणि सात होतं. एक दात काढावा लागला, बाकीच्यांची हिरडीखालून खोल सफाई चार बैठकांत झाली.

सफाईनंतर आठवडाभर जाऊबाई माझ्याशी धड बोलल्या नाहीत. "होते ते दातही हलवून ठेवले त्या बाईनं!" ही समजूत घरोघरी आहे, म्हणून थोडं थांबते. दात सफाईनं हलत नाहीत. हाड आधीच गेलेलं असतं आणि कीटणाचा दगड दोन दातांना सिमेंटसारखा धरून असतो. तो काढला की खरी परिस्थिती दिसते, फटीही दिसतात. हिरडीची सूज उतरली की बरेचसे दात पुन्हा थोडे घट्ट होतात. जाऊबाईंचे झाले.

चार महिन्यांनी एचबीए१सी ८.४ आलं. आता गणितवाली म्हणून सांगते, हे सगळं श्रेय हिरड्यांना देता येणार नाही. दाताच्या धास्तीनं त्यांनी गुडाखू दिवसात पाच वेळांवरून दोनवर आणली होती आणि संध्याकाळचं ठेठरी-खुरमी खाणंही कमी झालं होतं. तीन गोष्टी एकदम बदलल्या, कुणाचा वाटा किती ते मला वेगळं काढता येत नाही. पण डॉक्टरांनी इन्सुलिन पुढे ढकललं.

माझी स्वतःची रीत साधी आहे. मऊ ब्रश, सकाळी आणि रात्री, दोन दोन मिनिटं. त्यातला रात्रीचा महत्त्वाचा, कारण झोपेत लाळ कमी होते. दातांच्या फटींसाठी इवलासा ब्रश मिळतो, माझ्या मते टूथपेस्टच्या जाहिरातींपेक्षा त्याची जाहिरात व्हायला हवी. रस्त्याकडेला कडुनिंबाचं, बाभळीचं दातून मिळतं. माझा त्यावर राग नाही, पण ते दातांच्या आतल्या बाजूला आणि फटींत पोचत नाही, आणि टणक काडी हिरडी सोलते. कवळी असेल तर रात्री काढून, घासून पाण्यात ठेवायची. कवळीखाली किंवा जिभेवर पांढरे चट्टे, जळजळ वाटली तर ती बुरशी असू शकते. साखर चढलेल्या तोंडात ती लवकर येते. तोंड कोरडं पडलं तर पाण्याचे घोट घ्यायचे. खडीसाखर, पेपरमिंट चघळत बसायचं नाही. अन्नाची चव धातूसारखी लागत असेल तर मेटफॉर्मिनमुळेही तसं होतं काहींना, डॉक्टरांच्या कानावर घालावं.

दातांच्या डॉक्टरकडे जाताना काय करायचं, यावर मात्र मी जरा जास्त बोलणार. उपाशी जाऊ नका! रक्ततपासणीला उपाशी जायची सवय लागलेली असते, म्हणून लोक दात काढायलाही उपाशी जातात आणि गोळी मात्र घेऊन जातात. खुर्चीत साखर उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात, आणि सगळ्यांना वाटतं भीतीनं झालं. सकाळची वेळ घ्या, नाश्ता करा, नेहमीची औषधं घ्या, साखर मोजायचं यंत्र सोबत ठेवा. सगळ्या औषधांची चिठ्ठी दाखवा. रक्त पातळ ठेवण्याची गोळी असेल तर ती आपल्या मनानं बंद करू नका, दोन्ही डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी घरी मऊ भात, दही, सूप असं काही तयार ठेवूनच जावं, कारण तोंड बधिर असताना चावता येत नाही आणि टोचलेलं इन्सुलिन तुमची वाट बघत नाही.

साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे ग्लुकोज पाण्यात घालून घ्यायचं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. अशा वेळी पेढा नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. आणि ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोस किंवा अकार्बोज आहे, त्यांना घरातली साखर लवकर उपयोगी पडत नाही, त्यांनी ग्लुकोजच घ्यावं. गोळीचं पाकीट एकदा वाचून बघा. रात्री दोन वाजता हे करावं लागलं, तर साखर सावरल्यावर चूळ भरून झोपा.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. खोल सफाई खासगीत स्वस्त नाही. रायपुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तुमच्या शहरातही असेल किंवा जिल्हा रुग्णालयात दंत विभाग असेल. रांग लागते, पण पैसे खूपच कमी लागतात. वर्षातून दोनदा दाखवायचं. हिरडीचा आजार असेल तर तीन-चार महिन्यांनी.

तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी निःशुल्क क्रमांक आहे. जाऊबाईंना मी तो लावून दिला. पलीकडची मुलगी शांतपणे बोलली, दिवसातली पहिली वेळ अर्धा तास पुढे ढकला म्हणाली. बंद करा असं एकदम न म्हटल्यामुळे जाऊबाईंना ती फार आवडली. सध्या गुडाखू एकदाच, पहाटे. पोटासाठी त्यांनी रात्री इसबगोल सुरू केलंय आणि सकाळी कोमट पाणी. पुढची तपासणी दिवाळीच्या आधी आहे, हिरड्यांची आणि साखरेची दोन्ही एकाच आठवड्यात. त्यांच्यासाठी वहीत मी वेगळं पान आखलंय, आणि आता त्यात त्या स्वतःच्या हातानं लिहितात.