वैद्यकीय प्रवेशापूर्वीचा विराम : खंड की व्रत ?

(न्यासाच्या सुवर्ण महोत्सवी वर्षानिमित्त मिरकरवाडा येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा घेताना न्यासाने शिक्षणासाठी स्वतंत्र सत्र ठेवले, ही समाधानाची बाब आहे. या सत्रात एका नाजूक प्रश्नाचा विचार अगत्याचा वाटतो. बारावी विज्ञान उत्तीर्ण झालेला, डॉक्टर होण्याची मनापासून इच्छा असलेला, पण ‘नीट’ परीक्षेत थोडक्यात मागे राहिलेला विद्यार्थी पुढे काय करतो ? मिळेल त्या शाखेत तो चालू लागतो, की एखादे सत्र थांबून पुन्हा परीक्षेला बसतो ? बहुतेक घरांत हा निर्णय मुलाच्या कुवतीवरून ठरत नाही. लोक काय म्हणतील, यावरून ठरतो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू या. सन 2024 मध्ये 23 लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी ही परीक्षा दिली. त्या वेळी देशात एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाहून थोड्या अधिक, आणि त्यांतील शासकीय महाविद्यालयांच्या जागा साधारण निम्म्या. वीसहून अधिक विद्यार्थ्यांमागे एक जागा असे हे प्रमाण आहे. ज्याला जागा मिळाली नाही त्याला ‘नापास’ म्हणणे हा केवळ अन्यायच नव्हे, अज्ञानही आहे. रत्नागिरीपुरते बोलायचे तर 2023 मध्ये येथे 100 जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि जिल्हा रुग्णालय त्याला जोडले गेले. त्यापूर्वी शासकीय महाविद्यालयात शिकण्यासाठी येथील मुलांना जिल्ह्याबाहेर जावे लागे. आता दार जवळ आले आहे. त्यामुळे थांबून पुन्हा प्रयत्न करण्याचा मोहही वाढला आहे. नियमही आड येत नाहीत. या परीक्षेची कमाल वयोमर्यादा 2022 मध्ये रद्द झाली आहे.

थांबणे म्हणजे मागे पडणे, ही समजूत जैन परंपरेला तरी मान्य होण्यासारखी नाही. श्वेतांबर परंपरेनुसार मातापित्यांच्या देहावसानानंतर, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी वर्धमानकुमारांनी दीक्षेची इच्छा व्यक्त केली. ज्येष्ठ बंधू नंदिवर्धन यांनी काही काळ थांबण्याची विनंती केली आणि ती मान्य झाली. ती दोन वर्षे राजवाड्यात गेली खरी, पण साधूला शोभेल अशा संयमात गेली. अखेरचे वर्ष वर्षीदानात गेले. तिसाव्या वर्षी दीक्षा झाली. दिगंबर परंपरेत ही कथा वेगळ्या रीतीने येते; परंतु बोध स्पष्ट आहे. त्या दोन वर्षांना कोणी वाया गेलेली वर्षे म्हणत नाही, कारण त्यांना हेतू होता, नियम होता आणि मुदत होती.

चातुर्मासाचेही तेच आहे. वर्षभर पायी विहार करणारे साधू-साध्वी पावसाळ्यात एका ठिकाणी स्थिर होतात. विहार थांबतो, साधना थांबत नाही. उलट स्वाध्यायाला बहर येतो. ज्या मिरकरवाड्यात हा मेळावा होत आहे, तेथील बंदरही 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारीबंदीमुळे शांत असते. तो व्यवसाय श्रावकाच्या आचाराबाहेरचा आहे. तरीही एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्या दोन महिन्यांत नौका किनाऱ्यावर असतात, इंजिने उघडली जातात, जाळी विणली जातात. बंदी उठण्याची तारीख ठाऊक असल्यामुळेच ते काम नेटाने होते.

विद्यार्थ्याच्या विरामालाही अशी तारीख हवी. पच्चक्खाण घेताना काळाची मर्यादा ठरते आणि मुदत पूर्ण झाल्यावर ते विधिपूर्वक पारले जाते. ‘बघू, जमेल तोवर’ असे पच्चक्खाण नसते. थांबायचे तर एकच वर्ष, एकच प्रयत्न, आणि त्यानंतर निकाल कोणताही लागो, ठरलेला दुसरा मार्ग धरायचा, हे घरातील सर्वांनी आधीच लिहून ठेवावे. दुसऱ्या, तिसऱ्या वर्षी ‘आता इतके केले, तर आणखी एकदा’ म्हणत जे थांबणे लांबते, तेथे व्रत संपून आसक्ती सुरू होते.

व्यवहाराची बाजूही समजून घ्यावी. पूर्ण वर्ष सोडण्याची गरज प्रत्येकाला नसते. पदवीच्या प्रथम वर्षाला प्रवेश घेऊन पहिले सत्र पूर्ण करावे आणि दुसरे सत्र तेवढे सोडावे, हा मधला मार्ग अनेकांना सोयीचा आहे. कारण दुसऱ्या सत्राची परीक्षा आणि मे महिन्यातील ‘नीट’ यांची गाठ पडते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पूर्ण झालेल्या सत्राचे श्रेयांक ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये सात वर्षांपर्यंत जमा राहू शकतात. मात्र पुनःप्रवेशाविषयी महाविद्यालयाकडून लेखी खुलासा आधीच घ्यावा. आणखी एक सावधगिरी : महाराष्ट्रातील 85 टक्के जागांसाठी दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा सामान्यतः याच राज्यातून उत्तीर्ण असाव्या लागतात. बारावीसाठीच मुलाला कोट्याला पाठवणाऱ्या पालकांनी हा नियम नीट वाचावा.

कोट्याचे नाव निघाले म्हणून एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. ऑगस्ट 2023 मध्ये तेथील जिल्हा प्रशासनाला वसतिगृहांतील छताच्या पंख्यांना स्प्रिंग बसवण्याचा आदेश द्यावा लागला. तो का द्यावा लागला, हे या सभागृहात उच्चारून सांगण्याची आवश्यकता नाही. ज्या धर्माने मुंगीचाही जीव जपायला शिकवले, त्या धर्माच्या घरात मूल गुणांच्या भाराखाली एकटे पडत असेल, तर ती हिंसाच होय. थांबलेल्या मुलाची झोप, भूक आणि बोलणे यांवर आईवडिलांचे लक्ष असावे. रोजच्या सराव परीक्षेच्या गुणांवर नसले तरी चालेल.

उशिराचे भय बाळगणाऱ्यांनी डॉ. रखमाबाई यांचे स्मरण करावे. बालपणी झालेल्या विवाहावरून 1884 मध्ये त्यांच्यावर दावा लागला. तारुण्याची चार वर्षे न्यायालयात गेली. 1888 मध्ये तडजोड झाली. 1889 मध्ये त्या शिक्षणासाठी लंडनला गेल्या आणि 1894 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, डॉक्टर झाल्या. पुढे सुरतेत त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली. अमेरिकेत तर वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते, आणि तेथील निम्म्याहून अधिक विद्यार्थी मध्ये किमान एक वर्ष थांबलेले असतात. रुग्ण डॉक्टरचा हात पाहतो, प्रवेशाचे वर्ष पाहत नाही.

शेवटी समाजाचे कर्तव्य. शिष्यवृत्तीच्या अर्जांत ‘शिक्षणात खंड नसावा’ अशी अट अनेक ठिकाणी आढळते. ज्या विद्यार्थ्याने मुदत आणि हेतू लिहून देऊन विराम घेतला आहे, त्याला या अटीतून वगळावे. उपाश्रयाच्या एखाद्या खोलीत दुपारी अभ्यासिका चालावी. समाजातील डॉक्टरांनी महिन्यातून एक तास अशा मुलांसाठी द्यावा आणि रुग्णसेवा म्हणजे काय हे त्यांना जवळून दाखवावे. त्यात ज्याचे मन रमणार नाही, त्याला वेळीच दुसरी वाट सापडेल, हाही लाभच. वैयावच्चाला आभ्यंतर तपाचे स्थान देणाऱ्या समाजाला हे जड जाऊ नये. आणि देरासराच्या पायरीवर भेटलेल्या मुलाला ‘यंदाही राहिले का ?’ असे विचारण्याऐवजी ‘अभ्यास कसा चालला आहे ?’ एवढेच विचारले, तरी सुवर्ण महोत्सवाच्या संकल्पांत एक मोलाची भर पडेल.

जय जिनेंद्र !