बिनदांड्याची विजेरी सायकल : निवड कशी करावी?



पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने सायकल का सोडली, हे बारकाईने पाहिले तर एक गमतीची गोष्ट आढळते. पेडल मारण्याची ताकद संपली म्हणून सायकल सोडणारे थोडे; पाय उंच करून मधल्या दांड्यावरून पलीकडे टाकण्याची भीती वाटू लागली म्हणून सोडणारे पुष्कळ. चालत्या सायकलीवरून पडणारा माणूस निदान वेगात तरी असतो. उतरताना दांड्यात पाय अडकून उभ्या जागी कोसळणाऱ्याला तेवढेही समाधान नसते, आणि उतारवयात खुब्याचे हाड मोडण्यास एवढे कोसळणे पुरेसे होते. साडी नेसणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तर हा दांडा वयाची वाट न पाहताच आडवा येतो.

एके काळी पुण्याला सायकलींचे शहर म्हणत. तेथील वाड्यांच्या दिंडीदरवाजांतून ज्या सायकली आत-बाहेर होत, त्यांत मधला दांडा खाली वळविलेली सायकल ‘लेडीज सायकल’ म्हणूनच ओळखली जाई. हे नाव आता या सायकलीच्या मार्गातील मोठी अडचण होऊन बसले आहे. गुडघेदुखीने बेजार झालेला निवृत्त गृहस्थ दुकानात जातो, तेथे सर्वांत सोयीची सायकल त्याच्यासमोर उभी असते, आणि केवळ ती ‘लेडीज’ म्हणून तो उंच दांड्याची सायकल घेऊन घरी येतो. दोन महिन्यांनी ती जिन्याखाली धूळ खात पडते. तीस-चाळीस हजार रुपये खर्चून घेतलेल्या वस्तूची ही गत टाळावयाची असेल, तर निवडीचा आरंभ मोटारीपासून वा बॅटरीपासून न करता चढण्या-उतरण्यापासून केला पाहिजे.

सायकलीला विजेची जोड देण्याची कल्पना नवी नाही. मागच्या चाकाच्या तुंब्यातच मोटार बसविण्याचे पेटंट अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांना १८९५ सालीच मिळाले होते. परंतु पायांचा जोर किती पडतो हे मोजून त्या प्रमाणात मोटारीने मदत करावयाची, ही आजची पद्धत बाजारात आली ती १९९३ मध्ये, जपानच्या यामाहा कंपनीमार्फत. भाजीची पिशवी आणि मूल घेऊन चढ चढणारी गृहिणी तेथे सर्वत्र दिसते, आणि ती बिनदांड्याचीच सायकल चालविते.

आपल्याकडील एक कुटुंब डोळ्यांपुढे आणू. कोथरूडला राहणारी, डेक्कनच्या बाजूला कार्यालयात जाणारी पंचेचाळिशीची एक नोकरदार महिला. जाऊन-येऊन दहा-बारा किलोमीटरांची रपेट. सकाळी सातच्या सुमारास तिचे सासरे हीच सायकल घेऊन दूध आणि वर्तमानपत्र आणतात. रविवारी कधी खडकवासल्यापर्यंत फेरफटका होतो. एकच सायकल, दोन उंचीची दोन माणसे आणि तीन प्रकारचा वापर. अशा घराला बिनदांड्याची सायकल जितकी उपयोगी पडते तितकी दुसरी कोणतीही नाही. कारण सीट वरखाली केली की ती दोघांचीही होते. मात्र सीट हाताने, पान्याशिवाय, सैल-घट्ट करता आली पाहिजे, आणि दोघांच्या उंचीच्या खुणा सीटच्या नळीवर रंगाने करून ठेवल्या पाहिजेत. नाही तर रोज सकाळी वाद ठरलेला!

दुकानात गेल्यावर पहिली परीक्षा सायकल जागेवर उभी असतानाच घ्यावी. रोजच्या पोशाखात जावे. साडी नेसणारीने साडीत, धोतर नेसणाऱ्याने धोतरात जावे. पाय ज्या जागेतून पलीकडे टाकावयाचा तेथील उंची टेपने मोजावी. चांगल्या बिनदांड्याच्या सायकलीत ती जमिनीपासून चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरांच्या आसपास असते. साध्या सायकलीच्या दांड्याची उंची याच्या जवळजवळ दुप्पट भरते. काही सायकलींचा दांडा केवळ थोडासा तिरपा केलेला असतो आणि विक्रेता तीही याच नावाने खपवितो. दहा वेळा चढावे, दहा वेळा उतरावे. दहाव्या खेपेसही पाय सहज गेला तरच ती सायकल आपली समजावी. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतात की नाही हेही पाहावे, कारण सिग्नलपाशी थांबताना सगळा भरवसा त्यांच्यावरच असतो.

साडी, ओढणी आणि धोतर यांसाठी साखळीवर पूर्ण कव्हर आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी असावयास हवी. अनेक नव्या सायकली दिसावयास सुटसुटीत असतात त्या या दोन वस्तू गाळल्यामुळेच. त्या मागून बसवून मिळतील का, हे पैसे देण्यापूर्वीच विचारावे.

आता मधला दांडा काढल्याची किंमत काय, तेही सांगितले पाहिजे. साध्या सायकलीचा सांगाडा दोन त्रिकोणांचा असतो आणि त्रिकोण सहजी पिळला जात नाही. दांडा गेला की त्यांतला पुढचा त्रिकोण मोडतो. खालची नळी जाड करून ही उणीव भरून काढतात, म्हणून अशी सायकल थोडी जड होते. नळी पुरेशी जाड नसेल, तर कॅरिअरवर ओझे ठेवून वेगाने जाताना हँडल थरथरू लागते. बॅटरीसुद्धा कॅरिअरवरच बसविली असेल तर हा दोष वाढतो, कारण दोन-तीन किलोंचे वजन उंच आणि मागे जाते. बॅटरी खालच्या नळीत किंवा सीटच्या नळीमागे उभी बसविलेली असेल तर ते अधिक चांगले. पारखण्यासाठी पाच-सात किलोंची पिशवी कॅरिअरवर बांधून मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारावी. विक्रेत्याने या फेरीला नकार दिला, तर तेथून निघावे हे बरे.

मोटार किती ताकदीची असावी? सपाट रस्त्यावर ताशी पंधरा किलोमीटर वेगाने जाण्यास पन्नास-साठ वॅट एवढाच जोर पुरतो आणि तो कोणीही निरोगी माणूस देऊ शकतो. चढावर मात्र हिशेब बदलतो. माणूस आणि सायकल मिळून शंभर किलो वजन धरले, शंभर मीटरांत पाच मीटर उंची चढणारा रस्ता धरला आणि वेग ताशी बारा किलोमीटर ठेवला, तर केवळ उंची गाठण्यासाठीच सुमारे एकशे साठ वॅट लागतात. येथे सामान्य माणूस धापा टाकू लागतो. म्हणून अडीचशे वॅटच्या आतली मोटार कमी आहे असे मानण्याचे कारण नाही. चाकातील मोटार स्वस्त आणि सोपी असते. पेडलपाशी बसविलेली मोटार महाग असते, परंतु ती गिअरांतून काम करीत असल्याने लांब चढावर ती सरस ठरते. ज्याच्या वाटेवर मोठा घाट नाही, त्याने चाकातील मोटार खुशाल घ्यावी. मात्र मागच्या चाकात मोटार असेल तर पंक्चर काढताना चाक सोडविणे कटकटीचे होते, म्हणून जाड टायर घ्यावेत आणि आपल्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला ते चाक एकदा दाखवून ठेवावे.

मोटार सुरू कशी होते, हा प्रश्न तिच्या ताकदीपेक्षा महत्त्वाचा आहे. स्वस्त सायकलीत पेडल फिरले एवढेच यंत्राला कळते. अर्ध्या फेऱ्यानंतर ते एकदम ढकलते आणि पेडल थांबविल्यावरही क्षणभर ढकलीत राहते. चांगल्या सायकलीत पायाचा दाब मोजला जातो आणि मदत हळूहळू मिळते. तथापि या दुसऱ्या प्रकारातही एक धोका आहे. आपल्याकडे जुनी सवय अशी की एक पाय पेडलवर ठेवावयाचा, दुसऱ्या पायाने दोन-तीन ढांगा चाल द्यावयाची आणि मग सीटवर बसावयाचे. दाब ओळखणाऱ्या सायकलीवर असे केले, तर अंगाचा सारा भार पेडलवर पडतो, सायकल पुढे झेप घेते आणि माणूस मागे राहतो. पन्नास वर्षे सायकल चालविलेल्या माणसाला हे पहिल्या दिवशीच चकविते. नव्या सायकलीवर प्रथम ब्रेक दाबून धरावा, पाय आत टाकून सीटवर बसावे, मदतीची पायरी सर्वांत खालची ठेवावी आणि मगच पेडल दाबावे. ब्रेक दाबताच मोटार तोडणारी सोय सायकलीत असलीच पाहिजे. ती चालते की नाही हे स्टँडवर चाक फिरवून पाहता येते.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये ज्या सायकलीच्या साहाय्यक मोटारीची तीस मिनिटांची शक्ती अडीचशे वॅटपेक्षा कमी आहे, आणि ज्या मोटारीची मदत ताशी पंचवीस किलोमीटर वेगाला किंवा पेडल थांबताच बंद होते, ती सायकल मोटार वाहन गणली जात नाही. तिला नोंदणी नको, चालविणाऱ्याला परवाना नको. परंतु ही सवलत मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने खात्री केल्यावरच लागू होते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशीच एक संस्था होय. त्या प्रमाणपत्राची प्रत विक्रेत्याकडे मागावी. काही दुकानांत ‘थोडा वेग वाढवून देऊ का?’ अशी आपुलकीने विचारणा होते. ती नाकारावी. वेग वाढविला की तीच सायकल बिननोंदणीचे मोटार वाहन ठरू शकते, आणि अपघातात दुसऱ्याला इजा झाल्यास विम्याविना सारी जबाबदारी चालविणाऱ्यावर येते. हेल्मेट मात्र सक्ती नसली तरी घालावे.

आता बॅटरीकडे वळू. छत्तीस व्होल्ट आणि दहा अँपिअर-तास असे बॅटरीवर लिहिलेले असेल तर गुणाकार तीनशे साठ वॅट-तास होतो. बेताची मदत घेतल्यास एका किलोमीटरला साधारण दहा-बारा वॅट-तास लागतात. म्हणजे तीसएक किलोमीटरांची मजल. जाहिरातीतील मोठा आकडा बहुधा सर्वांत कमी मदतीवर आणि हलक्या माणसाला बसवून काढलेला असतो. वरील कुटुंबाची कार्यालयाची ये-जा दोन दिवस सुखाने होईल. रविवारचे खडकवासले मात्र जाऊन-येऊन तीस किलोमीटरांच्या घरात जाते, आणि तीन-चार वर्षांनी बॅटरीची क्षमता पाचव्या हिश्शाने घटली की परतीची शेवटची वाट पंचवीस किलोंची सायकल स्वतःच्या पायांनी ओढण्यात जाईल. ज्याला अशी हौस आहे त्याने पाचशे वॅट-तासांच्या जवळपासची बॅटरी घ्यावी. ज्याला नाही, त्याने वजन आणि पैसा वाचवावा. विजेचा खर्च नगण्य आहे. तीनशे साठ वॅट-तासांच्या बॅटरीला एका वेळी अर्ध्या युनिटाहून कमी वीज लागते. खरा खर्च पुढे बॅटरी बदलण्याचा. तेव्हा तीच बॅटरी पाच वर्षांनी मिळेल काय आणि किती रुपयांना, हे लेखी मागावे.

बॅटरी सोडवून घरात नेता येणे सोयीचे आहे, विशेषतः उद्वाहन नसलेल्या इमारतीत. परंतु ती घरात कोठे ठेवावयाची याचा विचार फारसे कोणी करीत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात विजेरी स्कूटरांना आगी लागल्याच्या घटना देशभर गाजल्या, त्यांत पुण्याचीही घटना होती. लिथियमची आग विझविणे कठीण असते. म्हणून घराच्या एकमेव दारापाशी, जिन्यात किंवा पलंगाखाली चार्जिंग करू नये. सर्व जण झोपलेले असताना तर मुळीच करू नये. उन्हातून आलेली बॅटरी निवू द्यावी. चार्जर कंपनीचाच वापरावा. बॅटरी पडली, फुगली किंवा पुराच्या पाण्यात बुडाली तर ती पुन्हा वापरून पाहण्याचा मोह धरू नये. पावसात सायकल चालविण्यास हरकत नाही, पण धुताना पाण्याची जोरदार धार मोटारीवर किंवा जोडण्यांवर मारू नये.

बिलावर सांगाड्याचा, मोटारीचा आणि बॅटरीचा असे तिन्ही क्रमांक लिहून घ्यावेत. बॅटरीच्या कुलपाच्या दोन्ही किल्ल्या दुकानातच लावून पाहाव्यात. पहिल्या महिन्याच्या अखेरीस सायकल परत नेऊन मोटारीच्या चाकाचे आरे ताणून घ्यावेत. नव्या चाकाचे आरे वापराने सैल पडतात आणि मोटारीच्या ओढीने आधी तेच तुटतात.