पहिला अंश धर्माचा : मृत्युपत्र आणि दान
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



भगवान आदिनाथांच्या या अतिशय क्षेत्री, सुवर्णमहोत्सवाच्या मंगल पर्वात, मृत्युपत्राविषयी बोलण्याची अनुज्ञा मी मागितली तेव्हा एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले, "शेठजी, उत्सवात मरणाची गोष्ट कशाला?" त्यांची शंका रास्त होती. परंतु ज्या धर्माने श्रावकाच्या बारा व्रतांपाठोपाठ लगेच सल्लेखनेचा विचार सांगितला, त्या धर्माच्या अनुयायांना मरणाचे नाव अशुभ वाटण्याचे कारण नाही.

हा विषय मला सुचला तो ख्रिस्ती समाजासंबंधीच्या एका न्यायालयीन निर्णयामुळे. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ यात ११८ क्रमांकाचे एक कलम होते. ज्या ख्रिस्ती गृहस्थाला पुतण्या, भाचा किंवा त्याहून जवळचा नातलग आहे, त्याला धर्मकार्यासाठी मृत्युपत्राने काही ठेवायचे असेल, तर ते मृत्युपत्र मृत्यूच्या किमान १२ महिने आधी झालेले असावे आणि केल्यापासून ६ महिन्यांच्या आत कायद्याने ठरविलेल्या ठिकाणी सुरक्षित ठेवण्यास दिलेले असावे, अशी त्यात अट होती. मरणशय्येवरील माणसाला धर्मगुरू भरीस घालतील, ही जुनी इंग्रजी भीती तिच्या मुळाशी होती. खुद्द इंग्लंडने १९६० साली हे बंधन सोडले. आपल्याकडे ते तसेच राहिले. केरळातील जॉन वल्लमट्टम या धर्मगुरूंनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २१ जुलै २००३ रोजी सरन्यायाधीश खरे यांच्या पीठाने, समानतेच्या तत्त्वाचा भंग होतो म्हणून, ते कलम रद्द केले.

आता गंमत पाहा. हे कलम हिंदूंना किंवा आपल्याला कधीच लागू नव्हते. ज्यांच्या वाटेत कायद्याने धोंडा ठेवला होता ते देत राहिले, आणि ज्यांची वाट मोकळी होती त्या आमच्या समाजात धर्मकार्यासाठी काही ठेवणारे मृत्युपत्र माझ्या पाहण्यात फारच क्वचित आले. आपण देत नाही असे मुळीच नाही. पंचकल्याणकाच्या बोलीत आपला हात आखडत नाही, संगमरवरी पाटीवर नाव कोरायचे तर रक्कम जागच्या जागी जाहीर होते. पण मागे राहणाऱ्या संपत्तीतून एक पैही धर्माच्या नावे लिहिलेली नसते. असे का व्हावे?

कॅथलिक माणूस का देतो, ते आधी समजून घेऊ. त्यांच्या श्रद्धेनुसार जिवंतांच्या प्रार्थनेने मृताच्या आत्म्याला साहाय्य होते. २ नोव्हेंबरचा दिवस त्यांच्याकडे सर्व मृतांच्या स्मरणासाठी राखलेला आहे, आणि आपल्या नावे मिस्सा व्हावी म्हणून रक्कम ठेवण्याची चाल शतकानुशतकांची आहे. दुसरे कारण कृतज्ञतेचे. ज्या शाळेने शिकविले, ज्या दवाखान्यात सिस्टरांनी आईची सेवा केली, त्यांचे ऋण शेवटी फेडावेसे वाटते. आपल्यापैकी कित्येकांची मुलेही कॉन्व्हेंटमध्ये शिकली आहेत, म्हणून हे मी अधिक सांगत नाही.

मला व्यापारी म्हणून महत्त्वाचे वाटते ते तिसरे कारण : भरवसा. त्यांच्या १९८३ च्या धर्मसंहितेत मृत्युपत्रातील धर्मदानासाठी स्वतंत्र नियम आहेत. असे दान दात्याच्या इच्छेप्रमाणे काटेकोरपणे पार पाडावे आणि ते पार पडते की नाही यावर बिशपांनी जातीने देखरेख ठेवावी, असे त्यात सांगितले आहे. इतकेच नव्हे, कायदेशीर बाबींत काही उणीव राहिली असेल तर वारसांना त्यांच्या कर्तव्याची जाणीव करून द्यावी, असाही नियम आहे. म्हणजे देणाऱ्याला मरताना ठाऊक असते की मागे कोणीतरी याचा जाब विचारणारे आहे.

पाश्चात्य देशांत आणखी एक कारण असते, ते वारसा कराचे. मोठी इस्टेट धर्मादाय संस्थेस ठेवली की तेवढ्यापुरता कर वाचतो. भारतात इस्टेट ड्यूटी १९८५ साली संपली. हयातीत दिलेल्या देणगीवर आयकरात सूट मिळू शकते. मृत्युपत्राने दिलेल्या दानाने दात्याचा एक रुपयाही वाचत नाही. तेव्हा आपल्याकडे जो असे दान ठेवील तो निव्वळ भावनेनेच ठेवील.

पण आपली भावना कोणती? येथे आपली वाट ख्रिस्ती बांधवांपासून वेगळी होते. ज्याचे कर्म त्याला. मागाहून कोणी पूजा केली म्हणून गेलेल्या जीवाची निर्जरा होत नाही. मग मृत्यूनंतर पोहोचणाऱ्या दानाचे पुण्य ते कोणते? ही शंका हलकी नाही. आचार्य उमास्वामींनी दानाची व्याख्या करताना दुसऱ्याच्या अनुग्रहासाठी 'स्वतःच्या' वस्तूचा त्याग असे म्हटले आहे. देह पडल्यावर संपत्ती आपली उरतेच कुठे? त्याच आचार्यांनी अतिथिसंविभाग व्रताच्या अतिचारांत 'कालातिक्रम' म्हणजे देण्याची वेळ टळू देणे हाही दोष सांगितला आहे. तो मुनींच्या आहारदानाविषयी आहे हे खरे, परंतु त्यातील अर्थ आपल्यालाही लागू पडतो. आयुष्यभर मुठी आवळून ठेवायच्या आणि मेल्यावर उघडायच्या, याला दान म्हणायचे का?

याचे उत्तर मला आदिपुराणात सापडले. ज्या भगवंतांच्या चरणी आपण बसलो आहोत त्यांचे चरित्र सांगणारा हा ग्रंथ, नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात आचार्य जिनसेनांनी रचला. त्याच्या अडतिसाव्या पर्वात गृहत्याग क्रियेचे वर्णन आहे. गृहस्थ घर सोडण्यास सिद्ध होतो, इष्टजनांना साक्षी ठेवून ज्येष्ठ पुत्रास बोलावतो आणि सांगतो की आपल्या द्रव्याचे तीन अंश कर : एक धर्मकार्यासाठी, दुसरा घरखर्चासाठी आणि तिसरा तुझ्या भावंडांत वाटण्यासाठी. आणि पुढे स्पष्ट म्हटले आहे की मुलींनाही मुलांच्या बरोबरीने समान वाटा मिळावा. हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क मिळायला २००५ साल उजाडावे लागले. आपल्या आचार्यांनी ते सुमारे साडेअकराशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते.

साक्षीदार आहेत, हिस्से ठरलेले आहेत, अंमल करणारा पुत्र नेमलेला आहे. हे मृत्युपत्र नव्हे तर काय? फरक एवढाच की ते मरणाची वाट पाहत बसत नाही. ज्या क्षणी मी शुद्ध मनाने लिहिले की हा अंश माझा नाही, त्या क्षणी त्यावरचे ममत्व सुटले, किंबहुना सुटायला हवे. धर्माचा अंश येथे आधी सांगितला आहे. आम्ही ठाणाचे सगळे कापड विकून उरलेला कटपीस धर्माच्या झोळीत टाकतो, ही रीत त्या क्रमाच्या अगदी उलट आहे.

अलीकडच्या काळातील उदाहरण सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांचे. १९४० साली त्यांच्या मनाने घेतले की न्यायाने मिळविलेली संपत्ती धर्म व समाजाच्या कामी लावावी. १९४१ च्या उन्हाळ्यात नाशिकजवळच्या गजपंथा तीर्थावर त्यांनी विद्वान जमविले, त्यांचा सल्ला घेतला, जैन संस्कृती संरक्षक संघ स्थापिला आणि ३०,००० रुपये जाहीर केले. पुढे १९४४ साली सुमारे २ लाखांची आपली संपूर्ण संपत्ती त्यांनी ट्रस्टरूपाने संघास अर्पण केली. १६ जानेवारी १९५७ रोजी त्यांचे देहावसान झाले. म्हणजे सर्वस्व दिल्यानंतर ते एक तपाहून अधिक काळ जगले आणि त्या दानातून 'तिलोयपण्णत्ति'सारखे ग्रंथ छापून आलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्या ग्रंथाचे एक संपादक डॉ. हिरालाल जैन अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात प्राध्यापक होते, आणि धवला टीकेसह षट्खंडागमाचा पहिला खंड १९३९ साली अमरावतीहूनच प्रसिद्ध झाला, तोही भेलसा येथील शेठ लक्ष्मीचंद्रांच्या दानातून उभ्या राहिलेल्या निधीतून. वऱ्हाडाने हे विसरू नये.

ज्याला जीवराजभाईंसारखे सर्वस्व देणे शक्य आहे त्याने मृत्युपत्राच्या फंदात पडूच नये, हयातीतच द्यावे. परंतु आपल्यापैकी बहुतेकांना म्हातारपणाची धास्ती असते. औषधपाणी आहे, सहधर्मिणीची सोय आहे. अशांसाठी मृत्युपत्र हाच मध्यम मार्ग.

आणि ते लिहिलेलेच हवे. येथून दूर नसलेल्या अचलपूरजवळ चम्मक येथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे ताम्रपट मिळाले. भोजकट राज्यातील एक गाव दान दिल्याचा तो लेख आहे, आणि ते भोजकट म्हणजेच आपली भातकुली, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यात दान कोणाला, किती आणि कोणत्या अटींवर, हे सारे कोरलेले आहे. दान घेणाऱ्यांनी राज्यद्रोह वा चोरी केल्यास ते रद्द होईल, असेही. राजा गेला, वंश गेला, राज्य गेले. दान आजही वाचता येते. याउलट माझ्या परिचयातील एका सद्गृहस्थांनी मंदिरासाठी दोन एकर शेत देण्याचे चारचौघांत कबूल केले होते. कागद केला नाही. ते गेले, मुले परस्परांविरुद्ध कोर्टात गेली, आणि मंदिराचे नावही कोणी काढले नाही. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्या हाती काहीच नव्हते.

कायद्याचे अवडंबर फारसे नाही. साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्यावी. लाभ मिळणाऱ्याला साक्षीदार करू नये. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत केवळ आपल्या हिश्शापुरतेच लिहिता येते. हेतू थोडा व्यापक लिहावा : 'पाठशाळेसाठी' असे लिहिले आणि पुढे पाठशाळा बंद पडली, तर रक्कम दुसऱ्या तशाच कामी वळविण्यासाठी न्यायालयात जावे लागते. आणि मुख्य म्हणजे घरात सांगावे. मी माझे मृत्युपत्र मुलांना, सुनांना आणि दोन्ही लेकींना बसवून वाचून दाखविले. थोरल्याचा चेहरा क्षणभर उतरला, नंतर त्यानेच विचारले की धर्माचा अंश त्याच्या हातून आताच थोडा थोडा देता येईल का.

आता विश्वस्तांना नम्रपणे सांगतो. लोक मृत्युपत्रात संस्थेचे नाव लिहीत नाहीत याचे अर्धे कारण आपण स्वतः आहोत. बिशपांना जो जाब द्यावा लागतो, तो आपण कोणाला देतो? धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवाचून ट्रस्टची स्थावर मिळकत विकता येत नाही, हे कायद्याचे रक्षण झाले. परंतु देवद्रव्य आणि ज्ञानदानाचा निधी यांची सरमिसळ झाली, ही कुजबुज एकदा गावात सुरू झाली की कोणतेही कलम ती थांबवू शकत नाही. म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षापासून मृत्युपत्राने आलेल्या दानासाठी बँकेत स्वतंत्र खाते आणि कार्यालयात स्वतंत्र वही असावी. दात्याची इच्छा त्याच्याच शब्दांत त्या वहीत उतरवावी, आणि खर्चाचा तपशील दरवर्षी महावीर जयंतीच्या सभेत, सर्वांसमक्ष, मोठ्याने वाचला जावा. पहिल्या वर्षी त्या वहीत एकच नोंद असली तरी चालेल.

जय जिनेंद्र.