‘काढू नका’ म्हणजे ‘निर्दोष’ नव्हे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘आरोप आपल्याच माणसावर असेल तर?’ हा विषय मला आज दिला आहे. त्यासाठी मी जरा लांबचं उदाहरण घेणार आहे : अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्यावरच्या महाभियोगाचं. तुमच्यातल्या काहीजणी तेव्हा जन्मलेल्याही नसतील. आम्ही मात्र १९९८च्या डिसेंबरात या विषयावर आमच्या गटात सलग दोन संध्याकाळी भांडलो होतो. चर्चा नाही, भांडणच.

‘अमेरिकेच्या अध्यक्षाचं आपल्याला काय?’ असं तेव्हाही एकीनं विचारलं होतं. पण ऑगस्ट १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला होता. राजस्थानातल्या भंवरीदेवी या साथिनीनं बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला, म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवरचा हा निकाल. तो हातात घेऊन आम्ही ऑफिसा-ऑफिसांतून ‘तक्रार समिती नेमा’ म्हणून फिरत होतो. आणि साहेबलोक हसून विचारायचे, ‘मग क्लिंटनचं काय म्हणणं आहे तुमचं?’ उत्तर देणं भाग होतं.

आधी घटना थोडक्यात सांगते. पॉला जोन्स ही आर्कान्सा राज्यातली साधी सरकारी कर्मचारी. १९९१ मध्ये तिथले गव्हर्नर असलेल्या क्लिंटन यांनी हॉटेलच्या खोलीत बोलावून आपल्याशी लैंगिक गैरवर्तन केलं, असा तिचा आरोप. क्लिंटन यांनी तो नाकारला. १९९४ मध्ये तिनं दिवाणी दावा लावला. पदावरच्या राष्ट्राध्यक्षावर असा दावा चालू शकतो, असं मे १९९७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं ठरवलं. या दाव्यात क्लिंटन यांना इतर स्त्री-कर्मचाऱ्यांबद्दल शपथेवर प्रश्न विचारले गेले आणि त्यात मोनिका लेविन्स्कीचं नाव आलं. व्हाइट हाउसमध्ये ती १९९५ साली एकवीस वर्षांची उमेदवार म्हणून लागलेली. क्लिंटन यांनी संबंध नाकारले. ऑगस्ट १९९८ मध्ये ते कबूल करावे लागले.

तिथल्या घटनेप्रमाणे देशद्रोह, लाचखोरी किंवा तशाच इतर गंभीर अपराधांसाठी अध्यक्षाला काढता येतं. प्रतिनिधिगृह साध्या बहुमतानं आरोप ठेवतं, मग सिनेटपुढे खटला चालतो आणि तिथे दोन तृतीयांश मतं लागतात. १९ डिसेंबर १९९८ला प्रतिनिधिगृहानं दोन आरोप मंजूर केले : ग्रँड ज्युरीपुढे शपथेवर खोटं बोलल्याचा, २२८ विरुद्ध २०६ मतांनी, आणि न्यायात अडथळा आणल्याचा, २२१ विरुद्ध २१२ मतांनी. १२ फेब्रुवारी १९९९ला सिनेटमध्ये पहिल्या आरोपाला ४५ मतं मिळाली, दुसऱ्याला ५०. हवी होती ६७. क्लिंटन पदावर राहिले.

आता आमच्या भांडणाकडे येते. मी ‘काढू नये’ या बाजूची होते आणि जोरात होते. माझे मुद्दे असे : हा माणूस गर्भपाताच्या हक्काच्या बाजूनं उभा राहिला, कौटुंबिक कारणासाठी रजेचा कायदा १९९३ मध्ये त्याच्या सहीनं झाला, स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धचा कायदा १९९४ मध्ये. त्याच्या मागे लागलेले लोक स्त्रियांच्या बाजूचे आहेत का? सिनेटपुढे आरोप मांडायला प्रतिनिधिगृहानं तेराजण पाठवले, तेराही पुरुष. आणि मोनिका स्वतः म्हणते की हे संमतीनं होतं. मग आपण कोण?

यातले काही मुद्दे मला आजही पटतात. नीतीच्या गप्पा मारणाऱ्यांचं पुढे काय झालं तेही पाहा. सभापती व्हायला निघालेल्या लिव्हिंग्स्टन यांना विवाहबाह्य संबंध उघड झाल्यानं महाभियोगाच्या मतदानाच्याच दिवशी माघार घ्यावी लागली. त्यांच्या जागी आलेल्या हॅस्टर्ट यांना २०१६ मध्ये पंधरा महिन्यांची कैद झाली. शिक्षक असताना मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल गप्प बसण्यासाठी दिलेल्या पैशांचं ते प्रकरण होतं. तेव्हा आरोप करणाऱ्यांबद्दलचा माझा संशय खोटा नव्हता.

पण त्या संशयाच्या आड मी तीन गोष्टी बघायचं टाळलं.

पहिली गोष्ट, संमतीची. ‘ती स्वखुशीनं गेली’ हे वाक्य मी सहज वापरलं. लैंगिक छळाच्या कायद्याचा सगळा लढाच या वाक्याविरुद्ध होता. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९८६ मध्येच सांगितलं होतं, बाई ‘तयार’ झाली का हा प्रश्न नाही, ते वागणं तिला नकोसं होतं का हा प्रश्न आहे. मोनिकानं नकोसं होतं असं म्हटलं नाही. तिच्या तोंडात मी ते घालणार नाही. पण मालक आणि उमेदवार यांच्यात जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तरीही उरतो. एप्रिल १९९६ मध्ये ती अध्यक्षांच्या फार अवतीभोवती दिसते म्हणून तिची बदली संरक्षण खात्यात झाली. बदली तिची झाली, मैत्रिणींनो! पुरुष जागेवर आणि बाईची बदली, हे आपण आपल्या ऑफिसांत, शाळांत, दवाखान्यांत किती वेळा पाहिलंय? पुढे २०१८ मध्ये तिनं स्वतःच लिहिलं की त्या सत्तेच्या अंतरात संमती या शब्दाचा अर्थ काय, याचा आपण नव्यानं विचार करतो आहोत. वीस वर्षं लागली तिला. त्या वीस वर्षांत ती जगाचा विनोद होती आणि ते गृहस्थ मानधन घेऊन भाषणं देत होते.

दुसरी गोष्ट, पॉला जोन्सची. तिच्या मागे क्लिंटनविरोधक उभे होते हे खरं. पण ते उभे राहिले, कारण आपल्यासारख्या उभ्या राहिल्या नाहीत. १९९१ मध्ये अनिता हिल या प्राध्यापिकेनं न्यायमूर्तिपदासाठी नाव पुढे आलेल्या क्लॅरेन्स थॉमस यांच्याविरुद्ध साक्ष दिली, तेव्हा तिथल्या स्त्री-संघटनांनी देश दणाणून सोडला. पॉलाच्या वेळी तिच्या केसांची, नाकाची, गरिबीची चेष्टा झाली आणि बहुतेक संघटना गप्प राहिल्या. एप्रिल १९९८ मध्ये न्यायाधीशांनी तिचा दावा फेटाळला. ती म्हणते ते खरं धरलं तरी ते कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, असं म्हणून. निकाल वाईट की आरोप करणारी ‘चुकीच्या गोटातली’, यावर आपली भूमिका ठरावी का? शेवटी क्लिंटन यांनी साडेआठ लाख डॉलर देऊन दावा मिटवला, माफी न मागता.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त लाज आणणारी. मी म्हणत होते, ‘क्लिंटनना काढलं तर विरोधकांचं राज्य येईल.’ खोटं होतं ते! अध्यक्ष गेला तर उपाध्यक्ष अध्यक्ष होतो. उपाध्यक्ष अल गोर त्यांच्याच पक्षाचे होते. तेच धोरण, तोच पक्ष राहिला असता. मग मी वाचवत काय होते? हक्क नव्हे, माणूस वाचवत होते. १९९५ मध्ये सिनेटर पॅकवुड यांना अनेक स्त्रियांच्या तक्रारींनंतर राजीनामा द्यावा लागला. तेही गर्भपाताच्या हक्काचे समर्थक होते. तिथल्या संघटनांनी त्यांचा राजीनामा मागितलाच होता. म्हणजे मोजपट्टी होती, ती मोठ्या माणसाला लावायची हिंमत नव्हती.

त्या दुसऱ्या संध्याकाळी आमच्यातली सगळ्यात लहान मुलगी मला म्हणाली, ‘ताई, हेच दुसऱ्या पक्षाच्या माणसानं केलं असतं तर तुम्ही आज काय बोलला असता?’ मी उत्तर दिलं नाही. चहा आला का बघायला उठले.

का उठले ते आज सांगते. त्याच्या दोन वर्षं आधी एका मित्र-संघटनेच्या ऑफिसात काम करणारी मुलगी माझ्याकडे आली होती. तिथल्या ज्येष्ठ नेत्याबद्दल सांगत होती. मी ऐकून घेतलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, ‘थोडं थांब. मोर्चा तोंडावर आहे. आत्ता हे बाहेर गेलं तर टपून बसलेल्यांचं फावेल.’ ती थांबली. मोर्चा झाला, मोठा झाला. नेत्याचं भाषण झालं, आम्ही टाळ्या वाजवल्या. ती पुन्हा आली नाही. गावाकडे परत गेली, एवढंच कळलं. मी त्या मुलीला खोटी म्हटलं नव्हतं. फक्त ‘आत्ता नको’ म्हटलं होतं. परिणाम तोच झाला.

मग क्लिंटन यांना काढायला हवं होतं का? माझं आजचं मत सांगते. ज्या आरोपांवर महाभियोग चालला ते खोटं बोलण्याचे आणि अडथळा आणण्याचे होते. बाईशी वागणुकीचा आरोप त्यात नव्हताच. तो खटला स्त्रियांना न्याय देण्यासाठी उभा राहिलेला नव्हता, म्हणून त्या ठरावाला मी आजही हात वर केला नसता. पण मी तिथेच थांबले ही माझी चूक. आपण आपल्या तोंडानं म्हणायला हवं होतं : यांनी राजीनामा द्यावा. ‘काढू नका’ म्हणता म्हणता आम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणू लागलो. सिनेटनं त्यांना काढलं नाही, आम्ही त्यांना निर्दोष करून टाकलं. एप्रिल १९९९ मध्ये मूळ दाव्याच्या न्यायाधीशांनी शपथेवर खोटी उत्तरं दिल्याबद्दल त्यांना न्यायालयाच्या अवमानाचा ठपका ठेवून सुमारे ९० हजार डॉलर भरायला लावले. तोवर आमचा गट दुसऱ्या विषयाकडे वळला होता.

आज आपल्याकडे २०१३चा कायदा आहे. अंतर्गत समिती आहे, जिल्ह्याला स्थानिक समिती आहे. तक्रारीला तीन महिन्यांची मुदत आहे, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. म्हणजे माझं ते ‘थोडं थांब’ आज नुसतं चुकीचं नाही, बाईची मुदत खाणारं आहे.

तेव्हा माझी विनंती आहे. आपल्या प्रत्येक गटानं, भावाभावासारख्या वागणाऱ्या आपल्या मित्र-संघटनांसह, आजच लिहून ठेवावं : तक्रार आपल्याच नेत्यावर आली तर ती कोण ऐकेल, चौकशी होईपर्यंत पदावरून बाजूला कोण होईल, आणि तोवर बदली कोणाची होणार नाही. नाव समोर येण्याआधी लिहा. एकदा नाव आलं की आपल्याला त्या माणसाचे मोर्चे आठवतात, त्याची भाषणं आठवतात, आणि समोर बसलेल्या मुलीला आपण थांबायला सांगतो.