लेकराच्या तोंडी आपलेच शब्द
(गोरेगाव येथील मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेले भाषण)



बचत झाली, परतफेड झाली, लेखेही लिहून झाले. आता दहा मिनिटं पैशाचं बोलायचं नाही. लेकरांचं बोलायचं.

आपण बैठकीत बोलतो तेव्हा मांडीवरची लेकरं सगळं ऐकत असतात. गावोगाव फिरताना त्यांची बोलणी मी वहीत टिपून ठेवलीत. ऐका.

एका पोरानं मित्राला बिस्कीट मागितलं. साडेतीन वर्षांचा तो मित्र म्हणाला, "हळदीला भाव नाही, सोयाबीनला भाव नाही, तुला बिस्कीट कुठून देऊ?" एका घरी मी हाक मारली, तर लेकरू दारात येऊन म्हणालं, "आई म्हणायली, आई घरी नाही." चिंचेखाली चार पोरी बचत गट खेळत होत्या. खड्यांची बचत! एकीचा हप्ता कमी पडला. अध्यक्षीणबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "कर्ज घेताना गोड लागलं का गं?"

हसलात ना? मीही हसले. आता पुढचं ऐका.

चार वर्षांची एक पोरगी बाहुलीला नटवत होती. मी विचारलं, "हिला शाळेत घालणार का?" ती म्हणाली, "पोरीच्या जातीला काय करायचं शिकून? एकदाची उजवली की मी मोकळी." उजवणं म्हणजे काय, हे तिला ठाऊक नाही. पण शब्द उचलला, सूर उचलला, शेवटचा सुस्कारासुद्धा उचलला.

अमेरिकेत १९६१ साली अल्बर्ट बांडुरा नावाच्या मानसशास्त्रज्ञानं ७२ लहान मुलांना घेऊन एक प्रयोग केला. मुलं आपल्या अंगणवाडीच्या वयाची. त्यातल्या काहींसमोर एक मोठं माणूस बाहुल्याला मारत होतं, तोंडानं बोलतही होतं. पुढं ती मुलं बाहुल्याजवळ गेली, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांनी तसंच मारलं आणि तेच शब्द म्हटले. कुणी शिकवलं नव्हतं. नुसतं पाहिलं, ऐकलं होतं.

म्हणून घरात काय बोललं जातं, ते महत्त्वाचं. दोन वर्षांचा पोरगा आईला म्हणतो, "गप बस, तुला काय कळतंय?" सगळं घर हसतं. त्याला वाटतं, आपण काहीतरी भारी बोललो. तो पुन्हा म्हणतो. पंचवीस वर्षांचा झाल्यावर तो हेच बायकोला म्हणतो, तेव्हा मात्र कुणी हसत नाही.

आणि ती बाहुलीवाली पोर? मुलीचं लग्न १८ वर्षांआधी करू नये, असा कायदा आहे. पण "उजवली की मोकळी" हेच ऐकत ती वाढली, तर सोळाव्या वर्षी स्थळ आल्यावर "मला शिकायचंय" हे शब्द तिच्या तोंडी कुठून येतील? ते आधी तिच्या कानावर पडायला हवेत ना?

लेकराला रागवू नका, मारू तर नकाच. शब्द त्याचा नाही, आपला आहे. तो आपणच बदलायचा. "पोरीच्या जातीला" म्हणायच्या ऐवजी "माझी पोर शिकणार" असं तिच्या देखत म्हणा. घरात कर्ज, पेरणी, खरेदी यांचं ठरवताना "तिला पण विचारू" हे घरधन्याच्या तोंडून लेकरांना ऐकू द्या.

चांगलं बोलणंही लेकरं तितक्याच लवकर उचलतात. आपल्याच एका ताईचा पाच वर्षांचा पोरगा आजीला म्हणाला, "आजे, वाचल्याशिवाय अंगठा लावू नको!" आजीला वाचता येत नाही. तिनं कागद नातवाच्या आईकडं दिला, वाचून घेतला, मगच अंगठा लावला.

पुढच्या साप्ताहिक बैठकीला प्रत्येकीनं आपल्या लेकराचं एक वाक्य आणायचं. आधी पोटभर हसू. मग ते कुणाकडून आलं ते बघू, आणि त्यातलं कोणतं घरात ठेवायचं, कोणतं टाकायचं, ते मिळून ठरवू.